बिरदेवाच्या ओव्या रेकॉर्ड कराव्यात का? आणि ढोल हॉटेलात न्यावा का?

माळावरचा_ढोल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात वाद चाललाय, म्हणून इथं विचारतोय.

आम्ही कागल तालुक्यातले धनगर. मी राजारामपुरीत राहतो, नोकरी गोकुळ शिरगावला. गावाकडं आमचे आबा आहेत, ऐंशी ओलांडलेले. आबा ओव्या म्हणतात. बिरोबाचा जन्म, कामाबाईचं लग्न, सगळं तोंडपाठ. जागराला बसले आणि एकदा 'सुंबरान मांडलं' (देवाचं स्मरण करून सुरुवात केली) म्हटलं की तांबडं फुटेपर्यंत उठत नाहीत. पूर्वी त्यांच्यामागं झेलायला, म्हणजे ओवीची ओळ मागून उचलून म्हणायला, अख्खी रांग असायची. आता दोघंच उरलेत, त्यातल्या एकाला ऐकू कमी येतं. आमची भावंडं हिंजवडी, चाकण आणि बंगळूरला. चुलत्यांनी कळप मोडला, म्हशी घेतल्या, दूध डेअरीला घालतात.

दोन गोष्टी एकदम पुढं आल्यात. धाकटा भाऊ म्हणतो, आबा आहेत तोवर सगळं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू. आबा म्हणतात, देवापुढची ओवी देवापुढंच, मोबाईलपुढं सुंबरान मांडायचं नाही. दुसरं म्हणजे महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या लग्नाला आमचा ढोल हवाय. दहा मिनिटं वाजवायचं, नवरा-नवरी आले की भंडारा उधळायचा. पैसे बरे देतायत. झेलकऱ्याच्या पोराला त्या पैशांची खरंच गरज आहे.

माझ्या मनात जे आहे ते सांगतो. ढोल, ओवी, भंडारा हे सगळं मेंढरांमागं चालणाऱ्या माणसांनी उभं केलं. मेंढरंच गेली तर आपण नक्की काय राखणार? तुमच्याकडं काय परिस्थिती आहे, आणि तुम्ही असता तर काय केलं असतं?

हुपरीकर

मी धनगर नाही, पण पट्टणकोडोली आमच्या शेजारी. लहानपणापासून विठ्ठल-बिरदेवाची यात्रा चुकवलेली नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, आंध्र, कुठून कुठून माणूस येतो. मानाच्या छत्र्या नाचत येतात, भाकणूक सांगणारे मानकरी फरांडे बाबा हेडाम (तलवारीचा खेळ) खेळत येतात, आणि वरून भंडारा, खारीक, खोबरं, लोकर यांचा मारा. अंगावर पडलेली लोकर आमची आजी उचलून पदराला बांधायची. धान्याच्या कणगीत टाकायची, बरकत येते म्हणून.

मागल्या खेपेला मी नीट बघितलं. भंडारा पोत्यापोत्यानं, लोकर मात्र चिमटी-चिमटीनं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात असावं असं वाटतं.

विवेकवाट

थोडं कडू बोलतो, राग मानू नये. पोटावर तलवार मारून घेणं, पाऊस-पाण्याची आणि राजकारणाची भाकणूक, म्हणजे भविष्य सांगणं, आणि हे सगळं ठरावीक घराण्यांच्या मानावर चालणं, हे जपायचं कशासाठी? शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरं शाळेत जावीत, बापाचाच धंदा नशिबी येऊ नये, ही त्यामागची तळमळ. तुमची भावंडं हिंजवडीला गेली ही त्या कामाला आलेली फळं आहेत. रडायचं कशाला?

निपाणीकर

भाकणुकीचं एवढं मनावर घेऊ नका. सकाळी भाकणूक होते आणि दुपारपर्यंत आमच्याकडच्या दोन्ही पक्षांचे लोक 'बघा, आमचंच सरकार येणार' म्हणत चहा पाजतात. दोनदा फुकट चहा मिळतो. :)

रेश्मा_गडहिंग्लज

विवेकवाट, तुमचं अर्धं मला पटतं. माझी आई लग्नानंतर मेंढरांमागं हिंडली. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या डालग्यात, पोर पाठीला. आज या रानात, परवा त्या. माझा मोठा भाऊ वाड्यावर, म्हणजे कळपाच्या तळावर जन्मला, उघड्यावर. आई म्हणते, 'माझ्या लेकीला ते दिलं नाही म्हणून देवाला नारळ फोडला.' त्या जगण्याचे गोडवे मी गाणार नाही.

पण कष्ट सुटले म्हणजे गाणंही सुटलं पाहिजे हे कुठलं? कीर्तन ऐकणारा माणूस मागास ठरत नाही, दिवाळी पहाटेला शास्त्रीय गाणं ऐकणारा तर नाहीच नाही. धनगराच्या पोरानं ढोल गळ्यात घातला की लगेच 'शिक्षण कामाला आलं नाही का' असं विचारतात. आमच्या वाट्याला हा प्रश्न का?

आणि मला धागाकर्त्यालाही एक विचारायचंय. झेलकरी दोनच उरलेत म्हणता. घरात मुली नाहीत का?

माळावरचा_ढोल

आहेत की. माझी पुतणी दहावीला आहे, आबांच्या निम्म्या ओव्या तिला येतात, कारण तीच त्यांच्याजवळ बसते. पण जागराला तिला बसवायचं म्हटलं तर गावातली जुनी माणसं काय म्हणतील हे मला आत्ताच ऐकू येतंय.

रेश्मा_गडहिंग्लज

मग झेलकरी नाहीत असं म्हणू नका. आहेत, बसवलं नाही एवढंच.

सनगर_वाडा

हुपरीकरांनी लोकर काढलीय म्हणून लिहितो. आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. माझ्या वडिलांचा खड्डामाग अजून घरात आहे, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच चालतो.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी. मेंढरं वर्षातून दोनदा कातरायची. लोकर पिंजून बायका चरख्यावर सूत काढणार. ते ताण्याला लावायच्या आधी त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवायचं, कुटून शिजवायचं. ती चिकट लापशी कुंच्यानं सुतावर ओढली आणि उन्हात वाळली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. खळीचा तो आंबूस वास आमच्या गल्लीला कायम असायचा. नवं घोंगडं पाठीला टोचतं ते त्या खळीमुळं. दोन-तीनदा धुतलं की मऊ पडतं.

आता मुद्दा. धनगराच्या प्रत्येक विधीला आमच्या हातचं लागतं. देव मांडायला जेन (लोकरीचं आसन), जागराला बसायला घोंगडं. पण मागं एका गावी देवाखाली पानिपतहून आलेलं मशीनचं ब्लँकेट बघितलं. काळं होतं, लांबून कळत नव्हतं. मी जवळ गेलो आणि हात लावला. पॉलिस्टर. कुणालाच दोष देता आला नाही, कारण त्या गावात लोकरच उरलेली नाही आणि आमचं घोंगडं त्याच्या कितीतरी पट महाग पडतं.

भुदरगडचा_पशुवैद्य

लोकर का उरली नाही ते सांगतो, कारण हे सगळं माझ्या डोळ्यादेखत झालंय.

आपली मेंढी दख्खनी. काळी, काटक, दुष्काळात तग धरणारी, रोज मैलोन् मैल चालणारी. तिची लोकर जाड आणि भरड. कपड्याला चालत नाही, घोंगडी-जेनालाच चालते. बाहेरची मऊ लोकर आणि त्याहून स्वस्त कृत्रिम धागा आला तसा भरड लोकरीला भाव राहिला नाही. कातरणीची मजुरी लोकर विकून निघत नाही, म्हणून काही मेंढपाळ कातरलेली लोकर बांधावर टाकून जातात. दुसरीकडं मटणाचा भाव चढला. मग मेंढपाळानं काय करावं? माडग्याळी नर आणला. जत तालुक्यातली ती जात, उंच, वजनदार, अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. पिलू लवकर वजन धरतं, बाजारात पैसा होतो. दोन-तीन पिढ्यांत कळपाचा रंगही बदलतो आणि लोकरही जाते.

हे त्याच्या पोटाला धरूनच आहे. त्याला मी 'लोकर राख' असा सल्ला देऊ शकत नाही. सरकारची महामेष योजना आहे, वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर. चांगली योजना आहे, बऱ्याच पोरांना मी अर्ज करायला लावलाय. पण मेंढ्या मिळाल्या तरी चारायच्या कुठं? पंचगंगा-दूधगंगेच्या काठानं बघावं तिकडं ऊस. गायरानावर कुठं पाण्याची टाकी, कुठं सोलर, कुठं क्रीडांगण. पूर्वी शेतकरी मेंढरं बसवायला धनगराला आग्रहानं बोलवायचा. रात्रभर कळप रानात बसला की लेंडी-मुताचं खत, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. आता युरियाचं पोतं दुकानात मिळतं.

धागाकर्त्याचं बरोबर आहे. ओवी राखायची म्हणजे आधी गायरान राखायला लागतंय.

शाहूवाडीचा_गवळी

डॉक्टर, तुम्ही मेंढरांचं बोललात. आम्ही डंगे धनगर, आमच्याकडं म्हशी. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात आमचे वाडे. काही वाड्यांना अजून पक्का रस्ता नाही, आजारी माणूस डालात घालून खाली आणावा लागतो. राधानगरी १९५८ साली अभयारण्य झालं, पुढं चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान, मग व्याघ्र प्रकल्प. जंगल राहिलं पाहिजे, आमचाही त्याला विरोध नाही. पण आमचे देव जंगलात आहेत. झाडाखालचा दगड, पाण्याच्या झऱ्याजवळची जागा. तिथं वर्षातून एकदा जायला आता परवानगी लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण आम्ही भटक्या जमातीत, अनुसूचित जमातीत नाही, म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यायचा. डोंगरात म्हशींमागं फिरणाऱ्या माझ्या पणजोबाची कागदं कुणी ठेवलीत?

रंकाळा_कट्टा

म्हणूनच एसटी (अनुसूचित जमातीचं) आरक्षण मिळालं पाहिजे! साडेतीन टक्क्यांत काय भागणार? सगळ्याच पक्षांनी आश्वासनं दिली आणि...

संपादक मंडळ

रंकाळा_कट्टा, आरक्षणावर स्वतंत्र धागा चालू आहे, तिकडं लिहावं. इथं विषय जागराचा आणि ओव्यांचा राहू दे. पुढचे काही प्रतिसाद हलवले आहेत.

कसबा_बावडा_ते_माद्रिद

नोकरीनिमित्त गेली काही वर्षं स्पेनमध्ये आहे. इथलं एक सांगतो, उपयोगी पडेल.

दर ऑक्टोबरात एका रविवारी माद्रिदच्या भर मध्यवस्तीतून मेंढरांचा कळप जातो. १९९४ पासून हे चालू आहे. मेंढपाळांचा मुख्य माणूस नगराध्यक्षांना जुन्या नाण्यांत कर देतो, हजार मेंढरांमागं पन्नास, १४१८ सालच्या करारानुसार. लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्या गवळी गल्लीतल्या म्हशी आठवल्या. पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मालकाच्या मोटरसायकलीमागं पळणाऱ्या.

मला वाटलं, दिखाऊ कार्यक्रम असेल. मग एका स्थानिक मित्रानं समजावलं. ती मिरवणूक सुरू झाली ती मेंढपाळांच्या जुन्या वाटा वाचवण्यासाठी. १९९५ साली तिथं कायदा झाला. मेंढरांच्या जुन्या वाटा ही सार्वजनिक मालमत्ता, त्यावर कुणी घर-शेत करायचं नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या पशुपालकांची ही रीत २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, तेव्हा ऑस्ट्रिया, ग्रीस आणि इटली होते. २०२३ मध्ये स्पेनसह आणखी देश आले. म्हणजे यादीत नाव यायच्या कितीतरी आधी तिथं वाटेचा कायदा झाला होता.

आपण उलटं करतो. आधी महोत्सव, स्टेजवर ढोल, पाहुण्यांना घोंगडं-काठी. वाटेचं नाव कुणी काढत नाही.

भुदरगडचा_पशुवैद्य

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ माळरानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडं गायरानाची मोजणी करून घ्यायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. ग्रामसभेत एक ठराव तरी मांडा.

कॅमेरावाला_कोल्हापुरी

यात्रेत फोटो काढायला जाणाऱ्यांपैकी मी एक. लोक आम्हाला नावं ठेवतात, म्हणून बाजू मांडतो. पिवळ्या धुरळ्यातले ते फोटो जगभर गेले तेव्हा कुठं पट्टणकोडोलीचं नाव बाहेर कळलं. बाहेरून माणसं येतात, रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत चार पैसे फिरतात. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून दिवसभर उन्हात उभं राहतो ते प्रेमापोटीच.

हुपरीकर

दादा, तुमच्यावर राग नाही. पण मागल्या खेपेला एकजण मानकऱ्याला म्हणाला, 'परत एकदा उधळा, लाईट चांगला नव्हता.' त्या म्हाताऱ्या माणसानं हात जोडले आणि पुढं गेला. असं करणाऱ्याला तुम्हीच तिथल्या तिथं थांबवा. आम्ही बोललो तर भांडण होतं, तुम्ही बोललात तर ऐकतील.

कॅमेरावाला_कोल्हापुरी

हे मान्य. आमच्या ग्रुपवर टाकतो. ड्रोनचंही बोलतो, पालखीवर भुणभुणणं बरं नाही.

हळद_सांगली

भंडाऱ्याचं एक राहिलं. आमचं हळदीचं दुकान. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि यात्रेत जे उधळलं जातं त्यात हळद किती आणि पिवळी पावडर किती? डोळे चुरचुरतात, अंगावर पुरळ उठतो, कपड्याचा डाग जात नाही, ते हळदीचं लक्षण नव्हे. खरा भंडारा कपाळाला लावला तर वास येतो. घेताना बोटावर चोळून बघा. थोडा घ्या, पण खरा घ्या. पोत्यानं उधळायची चढाओढ गेल्या काही वर्षांतली आहे, आमचे वडील मूठभरच नेत होते.

दिंडी_दरवाजा

लग्नात उधळायचा असला तर हॉटेलवाल्याला आधी विचारा, एसीत भंडारा गेला तर ढोलाचे पैसे तिथंच कापून घेईल. :)

पोथी_आणि_पाटी

मूळ प्रश्नाकडं येतो. लोकसाहित्य गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर.

धनगरी ओवी रेकॉर्ड करणं नवं नाही. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर जाऊन राहिले, त्यांनी बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या टेप केल्या. १९९२ साली ते गेले. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या मुळाचा शोध घेताना पट्टणकोडोलीच्या या जोडदेवाला केवढं महत्त्व दिलं हे इथं अनेकांना माहीत असेल. पंढरीच्या विठोबाचा पूर्वज मेंढपाळांचा देव, असं त्यांचं म्हणणं. आज अभ्यासकांना जे हाती आहे ते कुणीतरी वाड्यावर जाऊन, रात्रभर जागून टिपलं म्हणून आहे. त्यामुळं रेकॉर्ड करू नका असं मी कधीच म्हणणार नाही.

पण यूट्यूबवर जे येतं ते बघा. आठ मिनिटांचा तुकडा, जोरात ढोल, की संपलं. ज्यांनी खरा जागर ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, ओवीचे दोन भाग. आधी गायचं. म्होरक्या एक ओळ सोडतो, झेलकरी तिचं शेपूट पकडतात. थोडं गायलं की ढोल थांबतो आणि तीच हकीकत साध्या बोलण्यात सांगायची, तिला कथा म्हणतात. 'मग काय झालं, बिरोबा उठला, काठी घेतली, निघाला...' ऐकणारा मध्येच 'हां' म्हणतो, कुणी प्रश्न विचारतो, सांगणारा त्या गावचं नाव, त्या ओढ्याचं नाव घालतो. व्हिडिओवाले हीच कथा आधी कापतात, कारण त्यात ठेका नाही. आणि पोरं शिकतात ती कथेतून. नुसतं गाणं त्यांना कळतच नाही, शब्द जुने, चाल ओढलेली. कथा कापली की शिकायची वाटच बंद झाली.

म्हणून आबांचं म्हणणं मला हट्टाचं वाटत नाही. ते म्हणतायत की ऐकणारा समोर असल्याशिवाय ओवी पुरी होत नाही. मोबाईल 'हां' म्हणत नाही.

माझा सल्ला: रेकॉर्डिंगसाठी आबांना बसवू नका. जागर भरवा, देव मांडा, माणसं बोलवा, आणि तो जागर चालू असताना बाजूला रेकॉर्डर ठेवा. सुंबरानापासून शेवटच्या चांगभल्यापर्यंत, कथेसकट, काहीही न कापता. ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे आबांकडून आधी ठरवून घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या हातात मूळ प्रत देऊ नका. माझ्या माहितीतल्या एका ओवीकाराचं रेकॉर्डिंग एका कंपनीनं नेलं, त्याच्या घरी एक कॅसेटसुद्धा परत आली नाही.

निपाणीकर

ह्यात एक भर. आमच्याकडं कुरुब समाज, देव तोच, बीरेश्वर. डोळ्ळू कुणित म्हणून ढोलाचा नाच आहे. तो केव्हाच स्टेजवर गेला, शाळा-कॉलेजात गेला, मुलींची पथकं झाली. सुरुवातीला जाणती माणसं रागावली होती. पण झालं असं की स्टेजवर ढोल शिकलेली काही पोरं नंतर देवापुढंही वाजवायला लागली. मग ह्या वयस्कर मंडळींनी त्यांना काय शिवायचं, काय नाही, कुठला ताल देवाचा, ते शिकवलं. म्हणून हॉटेलला सरसकट नाही म्हणू नका. आपल्याकडंही गजी ढोलाचा खेळ आहेच, हातात रुमाल घेऊन. तो जत्रेतल्या माणसांच्या करमणुकीचा. तो न्या. जागराची ओवी नेऊ नका, भंडारा नेऊ नका. दोन्ही एकाच पोत्यात भरलं की गोंधळ होतो.

विवेकवाट

माझा विरोध विधीतल्या भाकणुकीला आणि घराण्यांच्या मानाला आहे, तो कायम आहे. ओवीला नाही. पोथी_आणि_पाटी यांनी जे लिहिलं ती मौखिक परंपरेची विद्या आहे आणि ती शिकायला दहावीतली मुलगी तयार असेल तर तिला अडवणारी रीत आधी मोडा, एवढंच माझं म्हणणं.

आजरा_घनसाळ

अदमापूरला जाऊन बघा ना. बाळूमामांची मेंढरं गावोगाव फिरतात, बग्गा (त्या मेंढरांचा कळप) आपल्या रानात बसावा म्हणून शेतकरी रांग लावतात. त्यात मराठे, लिंगायत, जैन, सगळे. मामा १९६६ साली गेले, मेंढरं अजून चालतायत. श्रद्धेनं का होईना, मेंढराला रानात जागा मिळतेय.

भुदरगडचा_पशुवैद्य

खरं आहे. आमच्याच तालुक्यातलं. पण तिथं देवस्थानाची ताकद मागं आहे. एकट्या धनगराच्या शंभर मेंढरांना तीच माणसं बांधावरून हाकलतात, हेही बघितलंय. रानात बसवायचं असेल तर दोघांनाही बसवा.

सनगर_वाडा

माळावरचा_ढोल, तुमच्या चुलत्यांनी कळप मोडला, पण पाहुण्यांत कुणाकडं दख्खनी मेंढरं आहेत का? एका कातरणीची लोकर मिळाली तर जागराला लागणारं जेन मी स्वतः करून देतो. मजुरी नको. मला ते देवाखाली बघायचंय.

माळावरचा_ढोल

सगळ्यांचे प्रतिसाद आबांना वाचून दाखवले. पुतणीनंच वाचले, मी नुसता बसलो होतो. मोबाईल 'हां' म्हणत नाही, हे ऐकून आबा बराच वेळ हसले आणि म्हणाले, 'ह्या माणसाला जागराला बोलाव.' पोथी_आणि_पाटी, हे आमंत्रण समजा.

जे ठरलं ते असं. हॉटेलवाल्यांना कळवलं, गजी ढोल येईल, रुमाल येतील, भंडारा आणि ओवी येणार नाही. त्यांनी अजून होय-नाही सांगितलेलं नाही. नाही म्हणाले तर झेलकऱ्याच्या पोरासाठी आम्ही भाऊ-भाऊ मिळून बघू, त्याच्यावर हे ओझं नको.

जागर माझ्या मामांच्या वाड्यावर. मामांकडं अजून दख्खनी मेंढरं आहेत, पाऊसकाळात कळप पूर्वेला जतकडं असतो, दसऱ्यानंतर परत फिरतो. आमच्या गावाजवळच्या एका शेतकऱ्यानं रान द्यायचं कबूल केलंय, खत पाहिजे म्हणून. आबा म्हणाले, मेंढरं बसलेल्या रानात सुंबरान मांडतो, मग बाजूला काय ठेवायचं ते ठेवा. प्रती तीनच. एक घरात, एक मामांकडं, एक पोथी_आणि_पाटी यांच्याकडं. यूट्यूबवर काही नाही. धाकटा भाऊ नाराज आहे, पण रेकॉर्डिंग त्यालाच करायला लावणार आहे.

रेश्माताई, पुतणीचं मी आबांना विचारलं. ते लगेच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणाले, 'झेलायचं तर आवाज पोटातनं काढ, गळ्यातनं नको.' गावातल्या माणसांशी आता मला बोलायचंय.

सनगर_वाडा, मामांची दसऱ्यानंतरची कातरण तुमच्याकडंच पाठवतो.

रेश्मा_गडहिंग्लज

मी येणार. आईलाही आणते. तिला कामाबाईच्या लग्नाची कथा येते, बायकांत सांगायची तशी. आबांच्या कथेपेक्षा वेगळी आहे, तीही टिपून घ्या.

सनगर_वाडा

लोकर पाठवताना ओली पाठवू नका, आणि काळी-पांढरी वेगळी बांधा. कळप परतला की फोन करा, छोटा हत्ती टेम्पो घेऊन मीच येतो.

पोथी_आणि_पाटी

येतो, नक्की. रेकॉर्डर माझ्याकडं आहे, दोन माइक आणतो. एक ढोलापासून लांब, आबांच्या जवळ, नाहीतर कथेचे शब्द ढोलात बुडतात. उघड्या रानात वारा असतो, माइकला गुंडाळायला लोकरीचा एक पुंजका लागेल, तेवढा मामांकडून बाजूला काढून ठेवा. आणि सुंबरान किती वाजता मांडणार ते आठवडाभर आधी कळवा, मला एसटीनं यायचंय.